फुल्व्हिया १.६ एचएफ : टोरिनोच्या गॅरेजमधल्या नोंदी

७ ऑक्टोबर २०२३, शनिवार

गाडी आली. लान्चिया या इटालियन कंपनीची फुल्व्हिया कूपे (दोन दारांची), रॅली १.६ एचएफ, म्हणजे १.६ लिटर इंजिनाची, १९६९ ची. टोरिनोची (इंग्रजीत ट्युरिन) जुनी काळी नंबरपाटी, पांढऱ्या अक्षरांत टीओ. चाकं फिरतात, इंजिन जॅम. समोरच्या चार दिव्यांपैकी आतले दोन मोठे, म्हणून इथले लोक तिला लाडाने 'फानालोने', म्हणजे मोठा दिवा, म्हणतात. बंपर नाहीत. ते कुणी काढलेले नाहीत, कारखान्यानेच दिले नव्हते.

मालक माझा इथल्या नोकरीतला सहकारी. गाडी त्याच्या मामाची. मामाला मूलबाळ नव्हतं. भाचरांत वाटणी झाली तेव्हा एकाला घर मिळालं, दुसऱ्याला द्राक्षमळा आणि याला कोठारात ताडपत्रीखाली ठेवलेली ही गाडी. आपल्याला फसवलं असं त्याला बरेच दिवस वाटत होतं. मग त्याने कुणालातरी किंमत विचारली आणि त्याचं वाटणं एकदम थांबलं.

तिसरे आमचे मिस्त्री. वय पंचाहत्तरीच्या घरात, सगळं आयुष्य लान्चिया खोलण्या-बांधण्यात गेलेलं. गॅरेज आता फक्त ओळखीच्यांसाठी उघडतात. मला ते 'इंजेन्येरे' म्हणतात. इटलीत ही मानाची हाक आहे; मिस्त्रींच्या तोंडी ती किती मानाची हे त्या-त्या दिवशीच्या माझ्या कामावर ठरतं.

माझ्याकडे ओतीव भाग. मी कोल्हापूरचा, शिवाजी उद्यमनगरात वाढलो, पहिली नोकरी फाउंड्रीत. इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडरांचा ठोकळा) किंवा हेड (त्यावरचं झाकण) हातात आलं की आधी त्यात कोअर, म्हणजे पोकळीसाठी साच्यात ठेवतात तो वाळूचा तुकडा, कुठे बसवला असेल ते शोधतो. लोक गाडीभोवती फिरून तिचा रंग आणि आकार बघतात, मला आतली पोकळी बघायची असते.

१४ ऑक्टोबर २०२३, शनिवार

आज एकही नट खोलला नाही. दिवसभर ओळखपरेड.

ही मालिका जेमतेम साडेबाराशे गाड्यांची. आज रस्त्यांवर आणि मेळाव्यांत त्याहून बऱ्याच जास्त फिरत असाव्यात असं मिस्त्री म्हणतात. १.३ लिटर इंजिनाची साधी कूपे घ्यायची, मोठे दिवे बसवायचे, बंपर काढायचे, चाकांच्या कमानींवर काळी झालर लावायची, झाली फानालोने. त्यामुळे पहिलं काम नंबर वाचण्याचं. चॅसिसवर ८१८.५४० ही मालिका हवी. दुसऱ्या पिढीच्या १.६ एचएफवर ८१८.७४० असतं. गंज खरवडून, खडू चोळून, टॉर्च तिरका धरून वाचलं : ५४०. मालकाने इतका वेळ रोखलेला श्वास सोडला.

नंतर चुंबक घेऊन गाडीभोवती एक फेरी. बॉनेटला चिकटत नाही, दारांना नाही, डिकीच्या झाकणालाही नाही. तिन्ही ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. खिडक्यांत जिथे चालेल तिथे काचेऐवजी प्लेक्सिग्लास. गाडीचं वजन साधारण ८५० किलो. नकली गाडीवाला मोठे दिवे लावतो, पण पत्र्याची दारं बदलत बसत नाही.

बॉनेटवर पळणारे हत्ती आहेत. लान्चियाच्या शर्यतीच्या गाड्यांवरचा हा हत्ती संस्थापकाचा मुलगा जान्नी लान्चियाने १९५३ मध्ये निवडला, शुभचिन्ह म्हणून. सोंड पुढे उंचावलेली, म्हणजे विजयाकडे धाव. पौर्वात्य समजुतीत असंच असतं ना, असं मालकाने मला विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे वाद सोंड डावी की उजवी एवढाच असतो, पळत्या हत्तीचं काही ठरलेलं नाही.

४ नोव्हेंबर २०२३, शनिवार

इंजिन उतरवलं. उतरवलं म्हणजे गाडी वर उचलली. फुल्व्हियात इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचं सस्पेन्शन हे सगळं एका वेगळ्या सबफ्रेमवर बसतं आणि ती सबफ्रेम रबराच्या बुशांतून बॉडीला बोल्टने अडकवलेली असते. बोल्ट सोडले, पाइप आणि वायरी सोडवल्या, बॉडी वर घेतली. खाली पूर्ण अर्धी गाडी चाकांवर उभी.

१९६३ च्या छोट्या सेडानसाठी, म्हणजे घरगुती गाडीसाठी, ही रचना केलेली. कूपे १९६५ मध्ये त्याच पायावर आली, चाकांमधलं अंतर १५ सेंटिमीटरने कमी करून : २,४८० वरून २,३३०. अशी सबफ्रेम करणं महाग. वेल्डिंग जास्त, बूश जास्त, जुळवणीची आणखी एक पायरी. पण रस्त्याचा थरकाप बॉडीत शिरत नाही. ही सोय गिऱ्हाईक शोरूममध्ये बघू शकत नाही, फक्त चालवताना त्याला बरं वाटतं आणि का वाटतं ते कळत नाही.

घरून व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी आली होती, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी गेल्या आठवड्यात निवृत्त झाली. मिस्त्रींना फोटो दाखवला. चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, ही तर आमची मिल्लेचेंतो. बरोबर. कुर्ल्याला प्रीमियरने बांधली ती फियाट ११००. तिचा मूळ आराखडा फियाटचे अभियंते दांते जाकोझा यांचा, आणि जाकोझा फियाटमध्ये तरुण होते तेव्हा त्यांचे वरिष्ठ होते अंतोनियो फेस्सिया. तेच प्राध्यापक फेस्सिया पुढे लान्चियात आले आणि त्यांच्या हाताखाली फुल्व्हिया झाली. एकाच शहरातली, जवळजवळ एकाच घराण्यातली दोन डोकी. एकाने आपल्याला काळी-पिवळी दिली. दुसऱ्याच्या गाडीचे नटबोल्ट मी आज रॉकेलमध्ये भिजत घातले.

१८ नोव्हेंबर २०२३, शनिवार

सबफ्रेमचे मागचे आधार जिथे बॉडीला लागतात तिथे गंज. या गाडीचं हे जुनं दुखणं, सगळ्यांना ठाऊक असलेलं. डावीकडे बोट आत गेलं. पत्रा कापून नवा घालणं आलं. ते काम मिस्त्रींचा भाचा करणार, त्याचा वेल्डिंगचा हात चांगला आहे. आम्ही लुडबुड करायची नाही असं ठरलं.

२ डिसेंबर २०२३, शनिवार

हेड निघालं. आजची नोंद लांबणार.

हे इंजिन व्ही४, म्हणजे चार सिलिंडर व्ही आकारात दोन तिरप्या रांगांत. व्ही४ म्हटलं की डोळ्यांसमोर दोन हेड येतात, सिलिंडरच्या दोन फांद्या येतात. इथे तसं काही नाही. दोन रांगांमधला कोन फक्त ११ अंश २० मिनिटं. सिलिंडर एकमेकांच्या बगलेत सरकवून बसवलेले, इतके जवळ की चौघांवर मिळून एकच हेड. हेडमध्ये दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), आणि ते रांगेप्रमाणे वाटलेले नाहीत, कामाप्रमाणे वाटलेत : एक सगळ्या इनटेक (मिश्रण आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हचा, एक सगळ्या एक्झॉस्टचा (धूर बाहेर सोडणाऱ्यांचा). हे सगळं पुन्हा ४५ अंशांत एका बाजूला कलंडवून ठेवलेलं, बॉनेट खाली राहावं म्हणून. आराखडा लान्चियाचे अभियंते एत्तोरे झाक्कोने मीना यांचा. निमुळत्या व्हीची परंपरा मात्र घराण्याची. संस्थापक विन्चेन्झो लान्चिया यांनी १९२२ च्या लांब्डा या गाडीमध्येच ती आणली होती, आणि त्याच गाडीत वेगळ्या चॅसिसशिवाय उभी राहणारी बॉडीसुद्धा. फोक्सवॅगनने नव्वदीच्या सुरुवातीला व्हीआर६ नावाने १५ अंशांचं इंजिन आणलं तेव्हा अनेकांना ते नवं वाटलं.

आता फाउंड्रीवाल्याच्या नजरेने. इनटेक एका बाजूने आत येतं. जवळच्या रांगेला वाट आखूड, पलीकडच्या रांगेला लांब. एक्झॉस्टचं नेमकं उलटं. मधून पाणी फिरायला हवं, व्हॉल्व्हच्या गाईड्सना भिंत हवी, बोल्टना जागा हवी. या पोकळ्यांचे कोअर एकमेकांना न लागता साच्यात बसवायचे आणि ॲल्युमिनियम ओतल्यावर एकही भिंत पातळ राहता कामा नये. मी हेड उलटंपालटं करून एक्झॉस्टच्या वाटेत बोट घालून बघत होतो. वळण कुठेही अडखळत नाही. १९६९ चं ओतकाम, संगणकावर धातूचा प्रवाह बघायची सोय नसलेलं. ज्या पॅटर्नमेकरने (साच्याचा नमुना बनवणाऱ्याने) लाकडात हे कोरलं त्याचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. आमच्या धंद्यात ते कधीच लिहीत नाहीत.

ब्लॉकची गंमत वेगळी. हेडसाठी वरचा पृष्ठभाग एकच सपाट, पण सिलिंडर त्याला काटकोनात नाहीत, प्रत्येक साधारण ५ अंश ४० मिनिटांनी कललेला. म्हणून ८२ मिलिमीटरचं बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, पृष्ठभागावर नेमकं गोल उमटत नाही, एका दिशेने ८२.४ भरतं. पट्टी ठेवून बघितलं, भरतं.

आणि हा ब्लॉक १.३ चाच मोठा केलेला नाही. आधीच्या इंजिनांत कोन १२ अंश ४५ मिनिटांच्या आसपास होता. त्यात एवढं मोठं बोअर बसेना, म्हणून कोनच बदलला आणि नवा ब्लॉक ओतला. मिळाले १,५८४ सीसी आणि ११५ हॉर्सपॉवर.

शेजारी, याच शहरात, त्याच सुमाराला फियाटकडे काय होतं? १२४ स्पोर्टमधलं आउरेलियो लाम्प्रेदींचं इंजिन. सरळ चार सिलिंडर, दोन कॅमशाफ्ट, साखळीऐवजी दातेरी पट्टा. १,६०८ सीसी, ११० हॉर्सपॉवर. ओतायला सोपं, मशीनिंगला सोपं, दुरुस्तीला सोपं. पाच हॉर्सपॉवरसाठी लान्चियाने एवढा पसारा मांडला असं कुणी म्हणेल, आणि कारखान्याचा हिशेबनीस म्हणून बसवलं तर मीही तेच म्हणेन.

पण इंजिन बाकावर ठेवून बाजूने बघितलं की क्रँकशाफ्ट किती आखूड आहे ते दिसतं. इंजिन पुढच्या चाकांच्या पुढे टांगलेलं आहे. तिथे सरळ चारचं लांबलचक इंजिन बसवलं असतं तर नाक वीतभर पुढे गेलं असतं. कलंडवलं नसतं तर बॉनेट उंच झालं असतं. लान्चियाचे डिझायनर पिएरो कास्तान्येरो यांनी काढलेली ती सरळ कमरेची रेघ, पातळ खांब, उंच काचा आणि खाली उतरतं नाक, ज्याला लोक सुंदर म्हणतात, ते या महागड्या ओतीव ठोकळ्यामुळे शक्य झालं. तो आकार त्यांना रिव्हाच्या लाकडी मोटरबोटींवरून सुचला असं सांगतात. असेल. पण बोट काढण्याची मुभा त्यांना झाक्कोने मीनांनी दिली.

पिस्टन क्रमांक तीन अडकलेला होता. तेलात भिजवून ठेवलाय.

१६ डिसेंबर २०२३, शनिवार

पिस्टन सुटला. बोअरमध्ये गंजाचा कडा, रिबोअर, म्हणजे भोक थोडं मोठं कापणं, करावंच लागणार.

ब्लॉक मशीनवर नुसता टेबलावर ठेवून चालत नाही, कोनाचा फिक्श्चर (वस्तू ठरलेल्या कोनात पकडून ठेवणारा साचा) लागतो आणि एक रांग झाली की उलटा फिरवून दुसरी. दोन दुकानांनी नको म्हटलं. तिसऱ्याकडे फिक्श्चर होता, भिंतीवर लटकलेला, धूळ बसलेला. दुकानदाराने तो पुसला आणि दर सांगितला. मालक बाहेर जाऊन सिगारेट ओढून आला.

१३ जानेवारी २०२४, शनिवार

थंडी. गॅरेजमध्ये हीटर एक आणि माणसं तीन. नुसते हात शेकत गप्पा.

जानेवारी म्हणजे मोंटे कार्लो रॅलीचा महिना, त्यामुळे विषय १९७२ चाच निघाला. मिस्त्रींना तो पाठ आहे. त्या वर्षी आल्पाइन-रेनॉच्या ए११० समोर कुणाचं काही चालणार नव्हतं. मागे इंजिन, हलकं शरीर, बर्फात उत्तम पकड. शिवाय पोर्शे ९११. फुल्व्हिया तोवर जुनी झाली होती, तिची जागा घेणाऱ्या गाडीचं काम सुरू होतं. पण बर्फ पडत राहिला, आल्पाइनच्या गिअरबॉक्सनी एकामागून एक मान टाकली, आणि साँद्रो मुनारी आणि मारियो मान्नुच्ची यांची १४ क्रमांकाची लाल फुल्व्हिया पहिली आली. दुसरा जेरार्ड लारूस पोर्शेत. तिसरा रौनो आल्टोनेन डॅटसन २४० झेडमध्ये, आणि त्याच्या शेजारी नकाशा घेऊन बसलेला झाँ तोद, जो नंतर फेरारीच्या फॉर्म्युला वन संघाचा प्रमुख झाला.

लोक याला नशीब म्हणतात. मिस्त्री चिडतात. त्यांचं म्हणणं, दुसऱ्याचा गिअरबॉक्स तुटतो आणि तुमचा तुटत नाही, हे नशीब नाही, हा गिअरबॉक्स आहे.

मला त्यांचं पटतं, थोडी भर घालून. फुल्व्हियाचं वजन पुढे, इंजिन फिरवतं ती चाकंही पुढचीच. बर्फात आणि मातीत हे कामाला येतं. स्वीडनचा हॅरी शेलस्ट्रॉम याच १.६ ने १९६९ आणि १९७० अशी लागोपाठ दोन वर्षं ब्रिटनची आरएसी रॅली जिंकला, ओल्या जंगलातून. तिथे ताकदीपेक्षा पकड लागते. स्कँडिनेव्हियन मंडळींनी डाव्या पायाने ब्रेक दाबत उजव्याने ॲक्सिलरेटर चालू ठेवायची युक्ती रुळवली होती. पुढून ओढणाऱ्या गाडीचं शेपूट वळवायला ती लागते, नाहीतर ती हट्टाने सरळ जाते.

लान्चियाच्या रॅली संघाचा कारभार चेझारे फिओरिओ यांच्याकडे. वडील लान्चियात प्रसिद्धी सांभाळायचे, मुलाने १९६३ मध्ये एचएफ स्क्वाद्रा कोर्से, म्हणजे शर्यतीचा संघ, उभी केली. एचएफ ही अक्षरं त्याआधी १९६० पासून लान्चियाच्या निष्ठावान गिऱ्हाइकांच्या क्लबची होती, हाय-फाय वरून. म्हणजे शर्यतीचा संघ निघाला तो सलग लान्चियाच घेत आलेल्या सज्जन लोकांच्या मंडळातून. इतका सभ्य उगम दुसऱ्या कुठल्या रॅली संघाचा असेल असं वाटत नाही.

१९७२ साली उत्पादकांचं आंतरराष्ट्रीय विजेतेपदही लान्चियाला मिळालं. मोंटे कार्लोच्या नावाने काळ्या बॉनेटची खास १.३ कूपे विकायला काढली. गाडीचं उत्पादन १९७६ पर्यंत चाललं.

काम : शून्य. हीटरचा तवा मात्र बदलला.

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार

सकाळी पोर्ता पालात्झोच्या मागे बालोनच्या जुन्या बाजारात. फुल्व्हियाचं कारखान्याचं मॅन्युअल मिळालं, तेलाचे डाग पडलेलं, टॉर्क सेटिंगच्या पानावर पेन्सिलीने कुणाच्यातरी सुधारणा. मिस्त्रींनी त्या वाचल्या आणि दोन मान्य केल्या, एक खोडली.

रिबोअर होऊन ब्लॉक परत आला. होनिंगच्या, म्हणजे सिलिंडर आतून घासल्याच्या, रेघा सुंदर. नवे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट सेट सगळं मिळतं. इटलीत या गाड्यांचे सुटे भाग पुन्हा बनवणारे छोटे कारखानदार आहेत. कोल्हापुरात बुलेटचे भाग बनवणारे आहेत तसेच.

२४ फेब्रुवारी २०२४, शनिवार

दहा दिवसांपूर्वी मिलानमध्ये नव्या इप्सिलॉनचा पडदा उघडला. लान्चियाची अनेक वर्षांतली पहिली नवी गाडी, आणि ती बनते स्पेनमधल्या सारागोसात. मालकाला आनंद आहे, नाव जिवंत राहिलं म्हणून. मिस्त्रींनी फोटो बघितला आणि विचारलं, हेड गॅस्केट कुणी मागवलंय?

मग दुपारी डबा खाताना वाद झाला, या गाडीत लोकांना नेमकं काय आवडतं. मालकाचं मत : दुर्मीळ आहे, साडेबाराशेच बनल्या. मी म्हटलं, दुर्मीळपणाने किंमत वाढते, ओढ वाढत नाही. जगात साडेबाराशेहून कमी बनलेल्या कितीतरी गाड्या आहेत ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि त्या कमी बनल्या तेच बरं झालं.

माझं मत असं. या गाडीत प्रत्येक ठिकाणी एक निर्णय सापडतो जो हिशेबाला बसल्यावर कुणीही खोडला असता, आणि तो खोडला गेलेला नाही. निमुळता व्ही. साडेबाराशे गाड्यांपासून सुरुवात करून वेगळा ब्लॉक. वेगळी सबफ्रेम. चारही चाकांना डिस्क ब्रेक, तेसुद्धा सुरुवातीच्या अकराशे सीसीच्या घरगुती सेडानपासून. साठच्या दशकात लान्चिया तीन मॉडेल विकत होती : फ्लामिनियात व्ही६, फ्लाव्हियात आडवं चार सिलिंडरचं इंजिन, फुल्व्हियात व्ही४. तीन गाड्या, तीन वेगळी इंजिन घराणी, एकाचा भाग दुसऱ्याला लागत नाही. फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला विचारा, तीन घराण्यांचे पॅटर्न, कोअर बॉक्स आणि फिक्श्चर सांभाळणं म्हणजे काय खर्च असतो.

पैसा कुठून आला आणि कुठे गेला ते उघडच आहे. जान्नी लान्चियाने शर्यतींत हात पोळून घेतले. डी५० ही त्याची फॉर्म्युला वन गाडी १९५५ मध्ये फेरारीला देऊन टाकावी लागली, आणि तिच्याच सुधारलेल्या रूपात अर्जेंटिनाचा चालक फांजिओ १९५६ चा जगज्जेता झाला. कंपनी गेली कार्लो पेसेन्ती यांच्याकडे, सिमेंटवाले. बोर्गो सान पाओलोत रस्ता पोटाखालून जाऊ देणारी लान्चियाची उंच इमारत १९५७ ची, अजून उभी आहे. मी ट्रामने जाताना दिसते. नव्या गाड्यांसाठी किवास्सोला नवा कारखाना झाला. कर्ज वाढत गेलं. फेस्सिया १९६८ मध्ये गेले. ऑक्टोबर १९६९ मध्ये फियाटने लान्चिया घेतली, शेअरमागे एक लिरा, नाममात्र, सगळ्या कर्जासकट.

म्हणजे ज्या वर्षी ही गाडी कारखान्यातून निघाली त्याच वर्षी कारखाना विकला गेला, आणि बऱ्याच अंशी याच सवयीमुळे. त्यानंतरच्या लान्चिया बेटामध्ये फियाटचं तेच लाम्प्रेदी इंजिन आलं. चांगलं इंजिन आहे. मी कधीही विकत घेईन आणि कधीही त्याबद्दल वही लिहिणार नाही.

मालक म्हणाला, म्हणजे आपल्याला दिवाळखोरी आवडते. मिस्त्री म्हणाले, आपल्याला आवडणारच, कर्ज आपण नाही फेडलं.

व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक घासून जुळवणं) पूर्ण. सहा आणि आठच्या सीट्स बदलल्या.

१६ मार्च २०२४, शनिवार

इंजिन बांधायला घेतलं. क्रँक, तीन मेन बेअरिंग, पिस्टन. प्लास्टिगेज (दाबून फट मोजायचा मऊ धागा) लावून फट मोजली, मर्यादेत आहे. हेड बसवताना मिस्त्रींनी बोलणं बंद केलं, बोल्ट आवळण्याचा क्रम तोंडाने पुटपुटत होते. टायमिंग चेन घालताना मला खुणा बघायला सांगितलं, आणि मी बघितल्यावर स्वतः पुन्हा बघितल्या. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीची, जुळवणी पुढच्या शनिवारी.

भाच्याचं वेल्डिंग झालं. सांधा कुठे आहे ते हात फिरवून कळत नाही.

१३ एप्रिल २०२४, शनिवार

सुरू झाली.

प्लग काढून आधी स्टार्टरवर फिरवली, तेलाचा काटा उठेपर्यंत. मग प्लग घालून पेट्रोल. कार्ब्युरेटर दोन, सोलेक्सचे ४२ मिलिमीटरचे जुळे. सुरुवातीला एका बाजूने थुंकत होते. मिस्त्रींनी रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाला लावून चारही घशांचा आवाज जुळवला. माझ्याकडे त्यासाठी मोजणीचं उपकरण होतं. ते नंतर लावून बघितलं, फरक काट्याच्या जाडीएवढा. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही त्यांच्याकडे बघितलं नाही.

आवाज फियाटच्या सरळ चारसारखा गुळगुळीत नाही. कोरडा, खरखरीत, वर गेला की एकसंध होतो. शेजारच्या इमारतीतल्या बाई खिडकी बंद करायला आल्या आणि उघडी ठेवून उभ्या राहिल्या.

११ मे २०२४, शनिवार

पहिली खरी फेरी. पो नदी ओलांडून पिनो टोरिनेझेकडे, तिथून टेकडीच्या कण्यावरून सुपेर्गाच्या दिशेने. जाताना मालक, येताना मी.

आत बसल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती उजेड. खांब इतके पातळ आणि काच इतकी उंच की वळणाच्या आतली बाजू लपत नाही. आजच्या गाड्यांत अपघातापासून वाचवायला खांब जाड केलेत, ते योग्यच आहे, पण ही गाडी चालवल्यावर आपण रोज किती कमी बघतो ते कळतं.

स्टिअरिंग उभ्या गाडीत जड, तीस-चाळीसच्या वर एकदम मोकळं. पुढे खाली आडवा लीफ स्प्रिंग आणि दुहेरी विशबोन, मागे साधा सरळ आस आणि लीफ स्प्रिंग. कागदावर ट्रकसारखं वाचायला येतं, रस्त्यावर तसं वाटत नाही. वळणात जोर दिला की नाक बाहेर जातं, पाय जरा उचलला की शहाण्यासारखं आत येतं. पाच गिअर, रॉड लांब, पण जागा नेमक्या. ब्रेकवर पाय जोरात द्यावा लागतो.

वेगवान आहे का? आजच्या कुठल्याही बऱ्या हॅचबॅकने सरळ रस्त्यावर मागे टाकावं इतपतच. चढावर एक ई-बाईकवाला बराच वेळ आरशात होता. पण पन्नासच्या वेगात दोन्ही हात, दोन्ही पाय आणि कान सगळे कामाला लागलेले असतात. नव्वदला लागतं ते भान इथे पन्नासला लागतं आणि पोलिसांची भीती नाही. कोल्हापूरहून आंबा घाटात एकदा न्यावी असं वाटलं. मग पावसाळ्यानंतरचे खड्डे आठवले आणि हे मॅग्नेशियमचे रिम.

परतताना पाण्याचं तापमान स्थिर, तेलाचा दाब चांगला. पेट्रोलचा काटा सतत अर्ध्यावर.

८ जून २०२४, शनिवार

कागदपत्रं. ऐतिहासिक वाहनाच्या प्रमाणपत्रासाठी फोटो काढले : चारही बाजू, इंजिन, चॅसिस नंबर, आतला भाग. तीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला इथे नेहमीचा वार्षिक वाहनकर नाही. काळी पाटी मूळचीच असल्यामुळे ती बदलायची नाही.

एका संग्राहकाने गाडी मागितली आहे. मालकाने रक्कम मला सांगितली, मी मिस्त्रींना सांगितली, मिस्त्रींनी विचारलं की तो माणूस चालवणार आहे का. नाही, हवा-नियंत्रित हॉलमध्ये ठेवणार आहे. मिस्त्री म्हणाले, मग इंजिन आपण परत घेऊ, त्याला बॉडी पुरेल. मालकाने सध्या नाही म्हणून कळवलं. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

माझं त्याला म्हणणं होतं, विक किंवा ठेव, पण विकलीस तर माझं हेडचं मोजमाप आणि कोअरची रेखाटनं सोबत देणार नाही. ती मी कोल्हापूरला पाठवणार आहे. उद्यमनगरात पॅटर्न बनवणारे एक काका आहेत, त्यांनी हेडचे फोटो बघून विचारलं की पाण्याचा कोअर एका तुकड्यात आहे की दोन. मला दोन वाटतात. त्यांना तीन वाटतात. कापलेलं एखादं खराब हेड मिळतं का ते बालोनला आणि मिस्त्रींच्या ओळखीत विचारून ठेवलंय.

राहिलेली कामं : पेट्रोल टाकीतला फ्लोट बदलणं. डाव्या दाराचं रबर. गरम झाल्यावर आयडलिंग थोडं वर जातं, जेट तपासणं. तेल बदलणं आणि टॅपेट पुन्हा बघणं, हे सप्टेंबरात. ऑगस्टमध्ये गॅरेज बंद, मिस्त्री बहिणीकडे समुद्रावर जातात.